लाल मूठ आणि पाचवा दिवा

मागच्या महिन्यात आमचं जुनं कॉम्प्युटर मशीन ट्रकमध्ये चढलं. चढलं कसलं, चढवलं. बारा माणसं, दोन चेन-पुली आणि फोर्कलिफ्टवाल्याच्या शिव्या, एवढं सगळं त्याला लागलं. ज्या दारातून ते आत आलं होतं ते दार मधल्या काळात कुणीतरी विटांनी बुजवून टाकलं होतं, ते पुन्हा फोडावं लागलं. त्याच्या जागी आता कपाटाएवढं नवं मशीन आलंय. त्याला दोनच दिवे, एक हिरवा आणि एक लाल. बाकी जे सांगायचं ते पडद्यावर अक्षरांत लिहून दाखवतं. आमच्या खात्यात सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला, खोटं कशाला बोलू! पण जुन्या मशीनला एकशे नऊ दिवे होते. मी मोजले होते. त्यांच्यासमोर मी अकरा वर्षं बसले, त्यामुळे दोन दिव्यांकडे बघताना थोडं रिकामं रिकामं वाटतं.

आमची कंपनी पिंपरीला, मुंबई-पुणे रस्त्याला लागून. शेतीचे पंप आणि त्यांची इंजिनं बनवते. मी मूळची कराडकडची. लग्न होऊन चिंचवडला आले, नवरा आकुर्डीच्या एका कारखान्यात टर्नर. मॅट्रिकला गणितात बरे मार्क होते आणि टायपिंगची परीक्षा झालेली होती, तेवढ्यावर मला पंच रूममध्ये नोकरी लागली. पंच रूम म्हणजे काय ते सांगते. पोस्टकार्डापेक्षा थोडी लांब अशी जाड कागदाची कार्डं असतात. त्यांवर मशीनने भोकं पाडायची. भोक कुठल्या जागी पडलं त्यावर तो कुठला आकडा आणि कुठलं अक्षर ते ठरतं. ही कार्डं मग कॉम्प्युटर वाचतो. आम्ही आठ जणी दिवसभर हेच करायचो. सासूबाईंनी शेजारी सांगून ठेवलं होतं की सून कंपनीत भोकं पाडते. शेजारच्या काकूंनी वर्षभर मला लोखंडाच्या कामावर धरलं होतं आणि माझ्या नाजूक हातांचं त्यांना फार नवल वाटायचं.

काचेच्या पलीकडे कॉम्प्युटरची खोली. तिथे गार हवा, चपला बाहेर, आणि मशीनसमोर एकच खुर्ची. त्या खुर्चीत बसणाऱ्याला ऑपरेटर म्हणायचे आणि तो अर्थातच पुरुष असायचा. दिवसपाळीचा ऑपरेटर आखाती देशात नोकरी लागून गेला, महिनाभर माणूस मिळेना, तेव्हा खात्याचे प्रमुख लिमये साहेब पंच रूमच्या दारात आले आणि म्हणाले, "जाधवबाई, सहा महिने बसून बघता? जमलं तर कायम. नाही जमलं तर परत इथे." मी हो म्हटलं. मागे सात जणी कार्ड पंच करायचं थांबवून ऐकत होत्या. त्यातल्या तिघी माझ्याइतक्याच शिकलेल्या होत्या. माझं जमलं तर पुढेमागे त्यांचंही जमणार होतं, आणि माझं फसलं तर "बायकांना ते झेपत नाही" हे वाक्य कायमचं भिंतीवर लागणार होतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

ती खुर्ची मला हवी होती, मनापासून हवी होती. पंच रूममध्ये बोटं दुखायची हे एक कारण. खरं कारण असं की तिथे दुसऱ्याने लिहिलेलं उतरवायचं असायचं. इथे समोर काय चाललंय ते बघून आपण ठरवायचं होतं.

आता दिव्यांबद्दल. वरच्या ओळीत सहा मोठे दिवे, अंगठ्याच्या नखाएवढे, प्रत्येकाच्या बल्बवर प्लास्टिकची टोपी. पहिला लागला की मशीन काम करतंय. दुसरा, तुमची वाट बघतंय. तिसरा, कार्ड अडकलं. चौथा, छपाईचा कागद संपला किंवा फाटला. हे चारही पांढरे. पाचवा लाल, तो तापल्याचा. तो लागला की दहा-पंधरा मिनिटांच्या आत मशीन थांबवून गार होऊ द्यायचं. तसं नाही केलं तर आतल्या विजेच्या जोडण्यांच्या पट्ट्या चुका करायला लागतात, आणखी तापलं तर जळतात. एक पट्टी परदेशातून येईपर्यंत तिकडे इंजिनांची जोडणी अंदाजाने चालवावी लागते. सहावा दिवा पांढरा, पण त्याच्यामागे बल्बच नव्हता. पुढे कधी काही जोडायचं झालं तर म्हणून बनवणाऱ्यांनी जागा ठेवली होती. खाली बारीक दिव्यांच्या ओळीवर ओळी. त्यांत मशीनच्या पोटात त्या क्षणी कुठला आकडा आहे ते दिसायचं. सुरुवातीला मला ती दाट नक्षी वाटायची. दोन महिन्यांनी वाचता यायला लागली.

बटणं थोडी. स्टार्ट, स्टॉप, रीसेट. एक 'दिवे तपासा' असं. ते दाबलं की सगळे दिवे एकदम लागायचे. रोज सकाळी पहिलं काम ते. बाहेरच्या माणसाला वाटतं, लाल दिवा लागलेला नाही म्हणजे सगळं ठीक आहे. पण बल्बच गेला असेल तर तो लागणार कसा? म्हणून आधी दिव्यांची परीक्षा, मग मशीनची. आणि उजव्या कोपऱ्यात एक लाल मूठ. ती दाबायची नाही, ओढायची. ओढली की सगळ्या मशीनची वीज एका झटक्यात तुटते आणि मूठ बाहेरच अडकून बसते. आपल्याला ती आत ढकलता येत नाही. मुंबईहून इंजिनिअर येऊन, मागचा पत्रा उघडून, आतून ती सोडवतो. म्हणून ती आग लागली तरच ओढायची. लिमये साहेबांनी पहिल्या दिवशी मला ती मूठ दाखवली आणि म्हणाले, "हिच्याकडे बघायचंसुद्धा नाही." त्यामुळे मी रोज बघायचे.

पण सगळ्यांत महत्त्वाचं बटण रीसेट. ते दाबलं की मशीन मागचं सगळं विसरतं आणि दिवे पुसले जातात. मशीन अडलं की हात आपोआप तिकडे जातो. नियम असा होता की रीसेट दाबण्याआधी सगळे दिवे, लागलेले आणि विझलेले, वहीत उतरवून घ्यायचे. त्या दिव्यांवरूनच इंजिनिअरला कळतं की बिघाड कुठे आहे. मी दुसऱ्याच आठवड्यात हा नियम मोडला. छपाई चालू असताना मशीन एकदम थांबलं आणि मी घाबरून रीसेट दाबलं. मुंबईचा इंजिनिअर आला, त्याने विचारलं कुठले दिवे होते, आणि मला एकही आठवेना. तो भला माणूस होता, नुसता हसला. म्हणाला, "बाई, चोर पळाला आणि तुम्ही अंगणातली पावलंही झाडून टाकलीत." लिमये साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "आणखी एकदा असं झालं तर सहा महिने थांबायचं कारण नाही." साहेब हिशेबी, कोरडे, पण तोंडावर एक आणि मागे एक असं त्यांचं नव्हतं. जे म्हणाले ते करणार हे मला माहीत होतं.

त्या खोलीत येणारी माणसं हा एक वेगळाच विषय. इंजिन जोडणीचे फोरमन काटेमामा रोज यायचे. थेरगावातलं जुनं घराणं, डोक्यावर टोपी, आवाज लेथच्या वर ऐकू जाईल असा. उद्याच्या जोडणीला कुठला भाग किती लागणार, स्टोअरमध्ये किती आहे, याची यादी आमचं मशीन छापायचं. ती दुपारी हातात पडली तर त्यांची लाइन दुसऱ्या दिवशी चालणार. पहिल्यांदा आले तेव्हा काचेला नाक लावून त्यांनी विचारलं, "बाई, ह्यातला माज्या बेरिंगांचा दिवा कंचा वो?"

"मामा, बेअरिंगचा असा वेगळा दिवा नसतो."

"एवढं शंभर दिवं हायती आन माज्या बेरिंगांना एक न्हाई?" त्यांना खरंच वाईट वाटलं. मग मी त्यांची यादी छापायला लागले की खालच्या ओळीतली हालचाल दाखवून म्हणायचे, बघा, आता तुमची बेअरिंगं चाललीत. यात थापही नव्हती. मामा टोपी सारखी करून उभे राहायचे आणि यादी हातात पडली की मशीनला नमस्कार करून जायचे. मला कधी केला नाही.

कंपनीचे पाहुणे आले की वेगळीच गंमत. काम जोरात चालू असेल तेव्हा मोठे दिवे शांत असतात, आणि पाहुण्यांना ते बघून वाटायचं मशीन बंद आहे. मग साहेब हळूच खूण करायचे. माझ्या खणात कार्डांचा एक छोटा गठ्ठा होता, तो घातला की मशीन काहीच काम करायचं नाही, फक्त खालचे दिवे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे पळवायचं. पाहुणे खूश. एका मोठ्या साहेबांनी तर मला विचारलं की आत्ता ते कशाचा विचार करतंय? मी म्हटलं, चहाचा.

या खोलीत रोज येणारा आणखी एक माणूस म्हणजे ओव्हाळभाऊ, आमचे इलेक्ट्रिशियन. वीज, गार हवेची यंत्रणा, बल्ब बदलणं, सगळं त्यांच्याकडे. राहायला देहूरोडला, वडील तिथल्या लष्करी डेपोत होते. बोलणं कमी. हवेच्या यंत्राला कान लावून ते सांगायचे की आज दुपारी पट्टा सुटणार, आणि तो सुटायचा. दिवे वाचायला मला साहेबांनी शिकवलं, पण दिव्यांच्या आधी ऐकायचं आणि हुंगायचं हे ओव्हाळभाऊंनी. "ताई, मशीन आधी वास देतं, मग आवाज देतं, आन दिवा सगळ्यात शेवटी," असं त्यांनी एकदा सांगितलं होतं. मी त्यावर मान हलवली होती, तेवढंच.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मी खुर्चीत बसले होते. सहा महिने दिवाळीच्या तोंडावर पुरे होणार होते, आणि मधे आली खंडेनवमी.

आमच्या भागात खंडेनवमीला कारखान्यात काय थाट असतो ते इथल्यांना सांगायला नको. लेथ धुतले जातात, क्रेनला केळीचे खांब लागतात, फाउंड्रीत भट्टीपुढे नारळ फुटतो. कॉम्प्युटरची पूजा दरवर्षी साहेब स्वतः करायचे. त्या वर्षी ते म्हणाले, "आता खात्यात घरची बाई आहे. जाधवबाई, हळदीकुंकू तुम्ही लावा." मला कोण अभिमान वाटला. मी माहेरची करंडी घेऊन आले. मशीन बंद होतं. मी कडेला एक टिळा लावला, तर साहेब म्हणाले, "असं कसं? प्रत्येक दिव्याला लावा. ज्याच्यावर आपण विसंबतो त्याला टिळा." एवढ्या सगळ्या दिव्यांना कुठे लावणार, म्हणून वरच्या ओळीतल्या सहांना लावायचं ठरलं. कुंकू सांडू नये म्हणून मी ते तेलात कालवलं होतं. चांगलं ठसठशीत लावलं.

तेवढ्यात काटेमामा हजर. हातात मनगटाएवढी जाड झेंडूची माळ, नारळ आणि हिरवा खण. म्हणाले, "देवीला खण नको व्हय?" पुढे जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी मशीनच्या मागच्या जाळीवर खण पसरला आणि त्यावर माळ आडवी-उभी गुंडाळली. फार सुंदर दिसत होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ओव्हाळभाऊ पूजेला नसायचे. ते बौद्ध. त्यांना कुणी आग्रह केला नाही, आणि आले नाहीत म्हणून तोंडावर तरी कुणी नावं ठेवली नाहीत. एरवी पूजा उरकल्यावर ते सगळं मशीन फडक्याने पुसून काढायचे. त्या दिवशी नेमकी फाउंड्रीची मोटर जळाली आणि ते तिकडे अडकले.

दसऱ्याची सुट्टी झाली. एकादशीला सकाळी मी कामावर आले. आधीच्या दोन दिवसांचं काम साचलेलं, काटेमामा काचेबाहेर उभेच. मी कोरड्या फडक्याने दिवे पुसले. पांढऱ्या टोप्यांवरचं कुंकू दिसत होतं, ते नखाने खरवडून काढलं. लाल टोपीवर लाल कुंकू मला दिसलंच नाही. 'दिवे तपासा' दाबलं. चारही पांढरे लागले, सहावा लागणार नव्हताच, पाचवा लागला नाही. बल्ब गेला असं मी धरलं. वहीत लिहिलं, पाचवा दिवा लागत नाही, ओव्हाळ यांना फोनवर कळवले. ते फाउंड्रीतच होते, म्हणाले, "येतो ताई, अकराच्या आत." खरं तर ते येईपर्यंत मशीन चालू करायचं नव्हतं. पण मामा काचेवर बोट वाजवत होते, दिवाळी जवळ आली होती, आणि मला दाखवायचं होतं की माझ्यामुळे यादी कधी अडत नाही. मी स्टार्ट दाबलं.

साडेदहाच्या सुमारास मला झेंडूचा वास आला. म्हटलं, असणारच, माळ आहे ना. पण हा वास वेगळा होता, पाटावरच्या फुलांचा नव्हता. तव्यावर पाकळ्या पडाव्यात तसा, आणि त्याखाली तापलेल्या रंगाचा. वरच्या ओळीत पहिला दिवा शांतपणे सांगत होता की काम चालू आहे. बाकी काही नाही. माझा हात लाल मुठीकडे गेला, खरंच गेला. पण आग दिसत नव्हती. मूठ ओढली आणि काही निघालं नाही तर मुंबईहून इंजिनिअर येईपर्यंत सगळं ठप्प, आणि मी पंच रूममध्ये. नाही ओढली आणि पट्ट्या जळल्या तर तेच. मग ओव्हाळभाऊंचं वाक्य आठवलं आणि मी मुठीवरचा हात काढून स्टॉप दाबलं.

छपाई थांबली तसे बाहेरून मामा ओरडले, "आवं, का थांबिवलं? निम्मीच झाली की!" मी मशीनच्या मागे धावले. जाळीला हात लावला तर चटका बसला. मशीन तिथून गरम हवा बाहेर सोडतं आणि आम्ही त्याच्या नाकावर खण दाबून धरला होता. खण-माळ ओढून खाली टाकली. आतून भपकन वाफ आली. हवेच्या यंत्राची झडप पूर्ण उघडून मी पुढे आले आणि पाचव्या दिव्यावर हाताची सावली धरली. टोपीच्या कडेला केसाएवढी लाल रेघ उजळलेली होती. नखाने थोडं खरवडलं, तर तेवढ्या जागेतून लख्ख उजेड आला. बल्ब शाबूत होता. तो बिचारा कधीचा सांगत होता आणि मीच त्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

माझ्या हातात फडकं होतं. एकदा पुसलं असतं की झालं असतं. वहीत तर लिहिलेलंच होतं, दिवा लागत नाही, कळवले. पुढचा दोष आपोआप दुसऱ्याच्या नावावर गेला असता. असा विचार माझ्या मनात आला. क्षणभर नाही, चांगला मिनिटभर आला. खुर्ची डोळ्यांसमोर होती, त्या तिघी होत्या.

मी फडकं खाली ठेवलं आणि वही ओढली. रीसेटच्या आधी दिवे उतरवायचे, लागलेले आणि विझलेले, हे आता हातात मुरलं होतं. सगळ्या ओळी उतरवल्या. मग लिहिलं, पाचवा दिवा लागलेला आहे. कुंकवाने झाकला गेल्यामुळे दिसला नाही. बल्ब न तपासता मशीन चालू केले. टिळा मी लावला. चूक माझी.

तेवढ्यात ओव्हाळभाऊ आले, हातात नवा बल्ब. अकराला पाच कमी होते. आणि त्यांच्या मागोमाग साहेब, मामांनी बोलावून आणलेले. साहेबांनी वास घेतला, थांबलेलं मशीन बघितलं, सकाळची फोनवरची तक्रार त्यांना कळलेली होती. साहेब सगळ्यांना अहो-जाहो करायचे, पण रागावले की एकेरीवर यायचे. "ओव्हाळ, सकाळी सांगितलेला एक बल्ब अजून हातातच? मशीन जळलं असतं तर तू भरून देणार होतास?"

ओव्हाळभाऊंनी एकदा पाचव्या दिव्याकडे बघितलं. एकदा माझ्या नखाकडे, ते लालभडक झालेलं होतं. मग मान खाली घालून म्हणाले, "बदलतो साहेब."

साहेबांचं बोट आधी त्यांच्याकडेच का गेलं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी वही साहेबांच्या पुढे धरली. "साहेब, आधी हे वाचा."

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. वाकून दिवा बघितला, अर्धा उघडा, अर्धा कुंकवाखाली. सहाही दिव्यांना टिळा लावायला कुणी सांगितलं होतं हे त्यांना आठवत असणार. मामांनी वाकून खाली पडलेला खण उचलला.

"रीसेट दाबलंत का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. आधी लिहिलं."

"मग आता दाबा. आणि गार झालं की मामांची यादी पुरी करा."

ते गेले. दुपारी दोनला यादी पुरी झाली, एकही पट्टी जळली नव्हती. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माझं कायम झाल्याचं पत्र आलं. पुढच्या चार वर्षांत पंच रूममधल्या त्या तिघींपैकी दोघी वेगवेगळ्या मशीनवर बसल्या.

एका गोष्टीचा सल मात्र आहे. साहेब ओव्हाळभाऊंना 'माझं चुकलं' असं म्हणाले नाहीत, आणि त्या दिवशी मीही म्हणाले नाही. आठवड्याने, कँटीनमध्ये, धीर करून म्हटलं. ते म्हणाले, "ताई, बल्ब चांगला हाय हे मला कुंकू बगूनच कळलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो तर साहेबांनी मानलं असतं? तुमी लिव्हलं, म्हून मानलं." आणि शांतपणे चहा प्यायला लागले.

पुढच्या खंडेनवमीला मी करंडी घेऊन उभी होते आणि हात पुढे होत नव्हता. ओव्हाळभाऊ पूजेच्या आधीच येऊन मागची जाळी मोकळी आहे ना ते बघत होते. जाता जाता सहाव्या दिव्यावर बोट ठेवून म्हणाले, "टिळा ह्याला लावा. ह्याच्यामागं काय न्हाई." तेव्हापासून दरवर्षी सगळं हळदीकुंकू त्या एका बिनबल्बच्या दिव्याला. मामांचा खण टेबलावर, घडी घालून. दहा वर्षांत ती पांढरी टोपी पक्की लाल होऊन गेली. पाहुणे विचारायचे, हा लाल दिवा कशाचा? मी सांगायचे, हा लागत नाही तोवर आमचं सगळं ठीक असतं.

मागच्या महिन्यात मशीन काढायचं ठरलं तेव्हा साहेब निवृत्त होऊन पुण्याला गेलेले, काटेमामाही घरी बसलेले. ओव्हाळभाऊ आता चार्जहँड, म्हणजे इलेक्ट्रिशियनांच्या टोळीचे मुख्य, आहेत. मुख्य वीज त्यांनीच तोडली. त्याआधी मी 'दिवे तपासा' दाबून सगळे दिवे शेवटचे बघून घेतले. बाहेर फोर्कलिफ्ट घरघरत होती. ओव्हाळभाऊ पान्याने केबल सोडवता सोडवता म्हणाले, "ताई, ती लाल मूठ कदी वढली का?"

"अकरा वर्षांत एकदाही नाही."

"मग वढा की आता. कुणाच्या बाचं भ्या न्हाई."

मी इकडेतिकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. जड होती. खट् असा आवाज झाला आणि मूठ बाहेर येऊन अडकली. झालं काहीच नाही, होण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तरी मी शाळेतल्या मुलीसारखी हसत होते. ओव्हाळभाऊंना इतकं हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

वहीचं शेवटचं पान कोरं होतं. सवयीने मी ते उघडलं आणि लिहिलं, सर्व दिवे विझलेले. लाल मूठ ओढली. कारण, हौस. चूक माझी.

ओव्हाळभाऊंनी वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्याखाली लिहिलं, मीच सांगितलं. आणि सही केली.